ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटरची रॅली

आजचा एपिसोड थोडा लांब आहे. चालत असाल तर चालत राहा, लोकलमध्ये असाल तर बसायला जागा मिळाली की ऐका. आणि स्वतः गाडी चालवत असाल तर फक्त ऐका, फोन हातात घेऊ नका. का ते पुढे कळेलच.

विषय आहे जुन्या गाड्यांची लांब पल्ल्याची रॅली. मी आणि एक काका, दोघंही या खेळात अगदी कोरे, १९६८ सालची गाडी घेऊन ब्रिटनच्या नैऋत्य टोकापासून ईशान्य टोकापर्यंत गेलो. डिसेंबरात. चार दिवस, आणि शेवटची रात्र जवळजवळ अख्खी रस्त्यावर. रॅलीचं नाव लेजॉग, म्हणजे लँड्स एंड ते जॉन ओग्रोट्स. हिरो-एरा नावाची संस्था ती भरवते. ही हिरो म्हणजे आपली मोटारसायकलवाली नव्हे, दोघींचा काही संबंध नाही. माझ्या बाबांना हे फोनवर तीनदा सांगावं लागलं.

लँड्स एंडपासून जॉन ओग्रोट्सपर्यंत सरळ रस्त्याने ८७४ मैल होतात, म्हणजे साधारण १,४०० किलोमीटर. रॅली मात्र सरळ रस्त्याने जातच नाही. ती शेतांमधल्या बोळांतून, डोंगरावरून, ओढ्याचं पाणी जिथे रस्त्यावरून वाहतं तिथून फिरवत नेते. त्यामुळे अंतर भरतं दीड हजार मैलांच्या आसपास.

आता 'रॅली' म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर काय येतं? धुरळा, उडणारी गाडी, हेल्मेट. माझ्याही यायचं तेच. पण ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर असली रॅली घ्यायची असेल, तर ठरवून दिलेला सरासरी वेग ताशी ३० मैलांच्या वर ठेवता येत नाही. ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर. सांगली-मिरज रस्त्यावर आमच्या कॉलेजची बस याच्यापेक्षा जोरात जायची.

मग स्पर्धा कसली? तर स्पर्धा आहे वेळेत असण्याची. लवकर नाही, उशिरा नाही, बरोब्बर. याला रेग्युलॅरिटी म्हणतात. तुम्हाला सांगतात, या ठिकाणापासून ताशी ३० मैलांनी निघा, २ मैलांनंतर २४ मैलांवर या. रस्त्यात कुठेतरी, कुठे ते सांगत नाहीत, वळणाआड एक माणूस घड्याळ घेऊन उभा असतो. तुम्ही त्याच्यासमोर आलात त्या क्षणी किती वाजले ते तो सेकंदात लिहितो. समजा तो ३.४ मैलांवर उभा आहे. पहिले २ मैल ३० ने म्हणजे ४ मिनिटं. उरलेले १.४ मैल २४ ने म्हणजे साडेतीन मिनिटं. तुम्ही ७ मिनिटं ३० सेकंदांनी तिथे असायला हवं. ७ मिनिटं ४१ सेकंदांनी पोचलात तर ११ सेकंदांचा दंड. त्याने लिहून घेतलं की तिथून पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू. असं दिवसभर. मग अंधार पडल्यावरही.

आणि हे सगळं जीपीएसशिवाय. गुगल मॅप्स नाही, फोन बंद. कागदी नकाशा, पेन्सिल, घड्याळ, आणि चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर दाखवणारा एक डबा, ज्याला ट्रिपमीटर म्हणतात. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, पहिल्या दिवशीच मनात आलं की याचं ॲप अर्ध्या तासात होईल. होईल ना. पण चालत नाही. तेव्हा मी कोष्टक छापून नेलं. ३० मैलांना दर दशांश मैलाला १२ सेकंद, २४ ला १५, २० ला १८. मधल्या वेगांचे आकडे वाकडे येतात, म्हणून कोष्टक. आपल्या आजोबांना पावकी-निमकी पाठ असायची, तसं मला शेवटी ते झोपेत यायला लागलं.

आता काका. ते माझे सख्खे काका नाहीत. लीड्सला नोकरीसाठी गेलो तेव्हा महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. मूळचे गिरगावचे, पेशाने भूलतज्ज्ञ, ऐंशीच्या दशकात तिकडे गेले, आता निवृत्त. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी कॅनडात. घरात ते आणि गॅरेजमध्ये ती गाडी, एमजीबी जीटी, बाटलीच्या काचेसारखी हिरवी. १,८०० सीसीचं इंजिन, दोन कार्ब्युरेटर, पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, आणि हीटर आहे असं पुस्तकात लिहिलंय.

रॅलीचं वेड त्यांना १९६८ सालचं. त्या वर्षी लंडन ते सिडनी अशी मोटारींची मॅरेथॉन झाली होती. २४ नोव्हेंबरला ९८ गाड्या लंडनहून निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत दिल्ली आणि मग मुंबई. हो, आपली मुंबई. तिथे गाड्या चूसान नावाच्या बोटीवर चढवल्या, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरवल्या, आणि तिथून पुढे सिडनी. काका तेव्हा १३ वर्षांचे. त्यांचे वडील त्यांना ठाण्याला आग्रा रोडवर घेऊन गेले होते. काका सांगतात, गर्दी इतकी की झाडांवर माणसं, आणि गाड्या ओळखूच येईनात, सगळ्या एकाच रंगाच्या. धुळीच्या.

त्या शर्यतीचा शेवट मला काकांनीच सांगितला आणि मी नंतर वाचूनही काढला. सिडनी अगदी जवळ आलेलं असताना पहिल्या नंबरवर असलेल्या लुसियां बियांकी आणि ज्याँ-क्लोद ओजिए यांच्या सित्रोएनला समोरून येणारी एक मिनी धडकली. मागून येणारा पॅडी हॉपकर्क तिथे थांबला, मदतीला लागला. त्याची जिंकायची संधी तिथेच गेली. जिंकला अँड्र्यू कावन, हिलमन हंटर नावाच्या एका साध्या घरगुती गाडीतून. शेवटपर्यंत पोचल्या ५६ गाड्या. काकांचं म्हणणं, कावन जिंकला कारण त्याने गाडी मोडू दिली नाही. भूलतज्ज्ञाला असंच वाटणार. त्यांच्या कामात यश म्हणजे काहीही न घडणं.

तर काका ६९ चे झाले आणि एका रविवारी मिसळ खाता खाता म्हणाले, "अरे, एक रात्रीची रॅली करायची आहे. पुढच्या वर्षी सत्तरी. तू नकाशा धर."

तिकडे सत्तरीला गाडीचं लायसन्स नूतनीकरण करावं लागतं, आणि मग दर तीन वर्षांनी. डोळे, तब्येत सगळं स्वतः लिहून द्यायचं. काकांच्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होती. कायद्याने गाडी चालवायला काही अडचण नव्हती, २० मीटरवरून नंबर प्लेट वाचता यावी लागते आणि ती ते सहज वाचत होते. ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलेलं. हे त्यांनी मला सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. फक्त "अजून काही नाही रे" असं सांगितलं होतं. डॉक्टर लोक स्वतःबद्दल असंच सांगतात.

तयारीला पाच महिने मिळाले. प्रवेश शुल्क काही हजार पौंड असतं, ते काकांनी भरलं. मी पेट्रोलचा आग्रह धरला. नवशिक्यांसाठी एका दिवसाच्या छोट्या स्पर्धा असतात, त्यातल्या दोन केल्या. तिथे पहिल्यांदा कळलं की नकाशा वाचणं आणि चालत्या गाडीत नकाशा वाचणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. तिकडचे ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे फार सुंदर असतात. एक किलोमीटर म्हणजे कागदावर दोन सेंटिमीटर, आणि त्यात चर्च, फोनचा खोकासुद्धा ओळखता येतो. पण मांडीवर लाकडी फळी, त्यावर नकाशा, डोक्याला दिवा, गाडी वळणावर कलंडलेली, आणि पोटात सकाळचा नाष्टा. आलेपाक घेऊन जा. मी गंमत करत नाहीये.

रस्ता सरळ शब्दांत सांगतच नाहीत. कधी 'ट्यूलिप' देतात, म्हणजे प्रत्येक चौकाचं छोटं चित्र, खाली गोळा म्हणजे तुम्ही, बाण म्हणजे जायची दिशा. हॉलंडच्या ट्यूलिप रॅलीवरून हे नाव पडलं. कधी नुसते आकडे देतात, नकाशावर ज्या उंचीच्या खुणा असतात त्यांचे, आणि म्हणतात या सगळ्यांवरून जा. कधी एक आडवी रेघ आणि तिला वरखाली फाटे, माशाच्या काट्यासारखी. म्हणजे सरळ जाताना डावीकडे किती रस्ते सुटतात, उजवीकडे किती. हे कोडं कधी आदल्या रात्री मिळतं, कधी निघायच्या एक मिनिट आधी.

ट्रिपमीटरचं पण सांगतो, कारण इंजिनिअर मंडळींना आवडेल. आयोजक एक मोजलेलं अंतर देतात, समजा ५ मैल. तुम्ही ते चालवून बघायचं. आमच्या डब्याने दाखवलं ५.०९. म्हणजे १.८ टक्के जास्त. वाटतं, एवढ्याने काय होतंय? ३० च्या वेगाने दहा मैल गेलात की वीस-बावीस सेकंद चुकलात. टायरमधली हवा बदलली, रस्ता ओला झाला, की आकडा पुन्हा हलतो. ऑफिसमध्ये आम्ही सर्व्हरच्या घड्याळांवरून भांडतो, इथे टायर.

तर लँड्स एंड. समुद्र, वारा, आणि सकाळी गाड्यांची रांग. पोर्शे, व्होल्वो, ट्रायम्फ, एक दोन तर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या, वर टपसुद्धा नाही. त्यातली माणसं पायघोळ कोट घालून, चेहऱ्याला मफलर गुंडाळून बसलेली. आमच्या शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काकांना विचारलं, पहिल्यांदाच का? काका हो म्हणाले. त्यांनी दोन बिस्किटांचे पुडे दिले आणि सांगितलं, रात्री अकराला खा, आधी नको. या रॅलीबद्दल मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला तोच होता.

कॉर्नवॉलचे रस्ते आपल्या कोकणातल्या पाणंदीसारखे. दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्याएवढे बांध, वर झुडपं, एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. समोरून ट्रॅक्टर आला की मागे जायचं, आणि मागे गेलात की ट्रिपमीटर ते अंतर धरू नये म्हणून बटण दाबायचं, आणि घड्याळ तर थांबत नाही. दिवसाउजेडी आमचं बरं चाललं होतं. तीन सेकंद, चार सेकंद, एका ठिकाणी चक्क शून्य. शून्य आल्यावर काकांनी हॉर्न वाजवला. घड्याळवाला माणूस दचकला बिचारा.

ही घड्याळवाली माणसं सगळी स्वयंसेवक असतात, बरं का. एक पैसा मिळत नाही. पावसात, रात्री दोन वाजता, खुर्ची टाकून, थर्मास घेऊन बसलेली. मला वाटतं अख्ख्या रॅलीतली खरी कमाल तीच आहे, गाड्या वगैरे नंतर.

पहिल्याच संध्याकाळी वेल्समध्ये शिरलो आणि अंधार पडला. डिसेंबरात तिकडे चार वाजताच दिवेलागण. पाऊस, धुकं, रस्त्यावर मेंढ्या. मेंढीचे डोळे हेडलाइटमध्ये हिरवे चमकतात, ते दिसले की मी "मेंढी डावीकडे" असं ओरडायचो आणि लगेच पुढचं वळण सांगायचो. रात्री साडेनऊच्या सुमारास डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटा वर जायला लागला. फॅन बेल्ट तुटला होता. या इंजिनात एकच पट्टा, त्याच्यावर पाण्याचा पंपही आणि अल्टरनेटरही. म्हणजे पुढे गेलात तर इंजिन उकळणार, आणि बॅटरीवर किती वेळ हेडलाइट, वायपर, माझा दिवा चालणार?

काकांनी गाडी गवतात घेतली. डिकीत जादा बेल्ट होता, पान्यांची पिशवी होती. बोनेट उघडून अल्टरनेटरचे बोल्ट सैल करायचे, पट्टा पंख्याच्या पात्यांवरून एकेक करत सरकवायचा, मग अल्टरनेटर बाहेर खेचून धरत बोल्ट आवळायचे. मी टॉर्च धरला. काकांनी हातमोजे काढले, बोटांनी पट्टा चाचपून बघितला आणि म्हणाले, "अर्धा इंच दबला पाहिजे, जास्त नाही." १९ मिनिटं लागली. त्या वेळात मागच्या आठ गाड्या पुढे गेल्या आणि त्यातल्या सहा थांबून विचारून गेल्या. आम्ही अंगठा वर करत होतो.

पुढचा भाग बोलायला जरा अवघड आहे. काकांना विचारूनच बोलतोय.

त्या रात्री मुक्कामाला पोचल्यावर मला झोप येईना. वही काढली आणि दिवसाचे सगळे दंड लिहिले. सवय आहे, कामावर काही बिघडलं की आधी लॉग बघायचे. दिवसाचे आकडे तीन, चार, शून्य, पाच. रात्रीचे आकडे नऊ, अकरा, चौदा. त्यात बेल्टचा वेळ धरलेलाच नव्हता, त्याचा दंड निराळा. आधी वाटलं अंधारात सगळ्यांचंच असं होत असणार. पण वळणावळणाला मी ट्रिपमीटर आणि घड्याळ लिहीत होतो, त्यात अजून एक गोष्ट दिसत होती. जिथे समोरून गाडी आल्याची मी खूण केली होती, तिथेच सहा-सात सेकंद जात होते. प्रत्येक वेळी. रिकाम्या रस्त्यावर रात्रीसुद्धा आम्ही वेळेवर होतो. समोरून दिवे आले, गाडी निघून गेली, आणि त्यानंतर काही क्षण काका आपोआप गाडी हळू करत होते. कारण त्यांना रस्ता दिसत नव्हता.

मी सकाळी नाष्ट्याला वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली. दोनदा वाचली. मग म्हणाले, "हे काय, माझा केसपेपर का?"

"काका, मी फक्त आकडे दाखवतोय."

"तीस वर्षं लोकांना झोपवलंय आणि सगळ्यांना परत उठवलंय. मला माहितीये मला काय दिसतं."

"तुम्हाला माहितीये म्हणूनच तुम्ही हळू करताय. ते बरोबरच आहे. मी म्हणतोय की शेवटच्या रात्री बर्फ असणार."

ते उठून चहा आणायला गेले आणि चहा आणायला चांगली पंधरा मिनिटं लागली. दिवसभर आमच्यात "डावीकडे", "उजवीकडे", "बारा सेकंद मागे" याच्यापलीकडे बोलणं नाही. नावनोंदणीत आम्हा दोघांचीही चालक म्हणून नोंद होती, त्यामुळे अदलाबदल करायला नियमाची काही आडकाठी नव्हती. आडकाठी वेगळीच होती. ते पाच महिने नाही, पंचावन्न वर्षं या रात्रीची वाट बघत होते. आणि मी त्यांना म्हणत होतो, तुम्ही शेजारी बसा.

इथे एक सांगतो. आपल्याकडे मोठ्या माणसाला असं सांगायची पद्धतच नाही. माझ्या आजोबांची स्कूटर घरच्यांनी काढून घेतली, ती "दुरुस्तीला दिलीय" असं सांगून. दोन वर्षं ती दुरुस्तीतच होती. आजोबांना कळत नव्हतं असं थोडंच आहे? मला काकांशी तसं वागायचं नव्हतं. म्हणून वही. आकड्यांशी भांडता येतं, वाद घालता येतो, माणूस खोटं बोलला असं होत नाही.

मधला दीड दिवस फटाफट सांगतो. उत्तर इंग्लंडचे डोंगर, एक बंद केलेली विमानाची धावपट्टी जिथे शंकू मांडून गाडी वळवायची चाचणी असते, दुपारी सूप. स्कॉटलंडच्या सीमेवर पहिला बर्फ रस्त्याकडेला दिसला.

शेवटच्या संध्याकाळी, रात्रीचा टप्पा सुरू व्हायच्या आधी जेवणाचा थांबा होता. काका गाडीशी गेले, दार उघडलं. डावीकडचं. तिकडेही आपल्यासारखंच स्टिअरिंग उजवीकडे असतं. ते डावीकडे बसले, फळी मांडीवर घेतली, आणि म्हणाले, "ते भिंग दे. आणि कोष्टक कसं वाचायचं ते सांग, पाच मिनिटांत. नऊ वाजता निघायचंय."

मी तीन वर्षं तिकडे गाडी चालवत होतो. भारतीय लायसन्स तिकडे एक वर्षच चालतं, मग त्यांची परीक्षा द्यावी लागते, ती दिलेली होती. ही गाडीही सरावाला रविवारी चालवलेली. पण हायलँड्समध्ये रात्री, शून्याच्या खाली तापमान, रस्त्यावर काचेसारखा बर्फाचा थर, तो डांबरापेक्षा वेगळा दिसतच नाही. ब्रेक जोरात दाबला की चाकं अडकतात आणि गाडी आपली सरळ जाते, वळण असो वा नसो. गिअर उतरवून वेग कमी करायचा, पाय हळू ठेवायचा. माझे हात पहिला तासभर दुखत होते, स्टिअरिंग घट्ट धरल्याने.

आणि काका. त्यांनी आयुष्यात कधी रॅलीचा नकाशा वाचला नव्हता. भिंगाला आतून दिवा असतो, जवळचं त्यांना स्वच्छ दिसत होतं. पहिली दहा मिनिटं ते अडखळले. मग त्यांच्या आवाजात काहीतरी बदल झाला. एकाच पट्टीत, शांत, दर काही सेकंदांनी. "तीनशे यार्डांवर डावं. चार सेकंद लवकर. पूल. दोन सेकंद लवकर. ठीक. उजवीकडचा सोड. ठीक." मला नंतर लक्षात आलं की हा त्यांचा ऑपरेशन थिएटरमधला आवाज होता. मॉनिटरकडे बघत सर्जनला सांगायचा. चार तास तो आवाज एकदाही वर गेला नाही. एका उतारावर गाडीचा मागचा भाग घसरला, अर्धी रुंदी तरी आडवी झाली, मी कशीबशी सरळ केली. माझं तोंड कोरडं पडलं. शेजारून, "सहा सेकंद उशीर. पुढे सरळ आहे, घाई नको."

रात्री अकराला बिस्किटं खाल्ली.

त्या रात्रीचे आमचे आकडे दोन, पाच, तीन, सात, एक. समोरून गाड्या आल्या तरीही. खरं सांगायचं तर नकाशाला ते माझ्यापेक्षा चांगले होते. हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "तू गाडीत फार बोलतोस, म्हणून."

उत्तरेला तिकडे डिसेंबरात सूर्य नऊच्या आसपास उगवतो. आम्ही पोचलो तेव्हा नुसतं करडं उजाडलं होतं. जॉन ओग्रोट्स म्हणजे एक धक्का, एक फोटो काढायची पाटी, थोडी घरं, आणि समोर ऑर्कनीची बेटं. मुख्य भूमीचं खरं उत्तर टोक हे नाहीच, ते डनेट हेड, तिथून थोडं पश्चिमेला. काकांना हे माहीत होतं आणि त्यांनी ते तिथल्या फोटोवाल्याला सांगितलंही. सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी पदकं असतात. बेल्ट आणि पहिली रात्र यामुळे आमच्या वाट्याला एकही आलं नाही. पूर्ण करणाऱ्यांच्या यादीत मात्र नाव आहे. काकांनी त्या यादीचा फोटो मुलीला पाठवला. तिचा कॅनडातून फोन आला तो "बाबा, रात्री कोण चालवत होतं?" असा. काका म्हणाले, "तो. मी भूल देत होतो."

फेब्रुवारीत एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, नंतर दुसऱ्याचं. सत्तरीला लायसन्सही नवीन झालं. आता रात्री त्यांना दिवे त्रास देत नाहीत, असं ते म्हणतात. मी म्हटलं, आकडे बघू. तर पुढच्या महिन्यात एक रात्रीची छोटी स्पर्धा आहे, तिथे वही घेऊन जायचं ठरलंय.

इन्स्टावर बऱ्याच जणांनी विचारलं की हे करायला परदेशात आणि तेही जुनी गाडी लागते का. जुन्या गाडीचं म्हणाल तर हिरो-एरा भाड्यानेही गाड्या देते, पण ते स्वस्त नाही. परदेशाचं म्हणाल तर बिलकुल गरज नाही. आपल्याकडे याच खेळाला टीएसडी म्हणतात, टाइम-स्पीड-डिस्टन्स. मुंबई-पुण्याकडे होतात, साध्या घरच्या गाडीने करता येतात. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन महिलांसाठी अशी रॅली घेते. गाडीचे कागद, लायसन्स आणि शेजारी बसायला भांडण झालं तरी बोलणं न सोडणारा एक माणूस, एवढं हवं.

आणि सराव घरबसल्या होतो. हे घ्या. सरासरी वेग ताशी २७ मैल, घड्याळवाला ६.३ मैलांवर उभा आहे. तुम्ही किती मिनिटांनी तिथे हवेत? कॅल्क्युलेटर नाही, फोन खाली. उत्तर मला व्हॉइस नोटने पाठवा, आकडा सुटसुटीत येतो.